वाचकांचे प्रश्न : ल्युसिल बॉल आणि तिचे तीन कॅमेरे

दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळावर गेल्या अंकात जो लेख आला, त्यात १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्युसी’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा आणि तिची नायिका ल्युसिल बॉल हिचा जेमतेम दोन ओळींचा उल्लेख होता. वाचकांनी नेमकं तेच धरलं. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतोय.

मालिका सुरू झाली तेव्हा ल्युसिल चाळिशीची होती म्हणे. मग त्याआधी ती काय करत होती? की एकदम रातोरात नशीब उघडलं? (पुणे)

रातोरात कसलं, अठरा वर्षं लागली. तिचा जन्म ६ ऑगस्ट १९११चा, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या जेम्सटाउनमधला. वडील टेलिफोन कंपनीत तारा ओढायचं काम करायचे. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा ते विषमज्वराने गेले. शेजारच्या सेलोरॉन गावी आजोळच्या घरात ती वाढली. १९२६ साली न्यूयॉर्क शहरातल्या एका नाट्यशाळेत गेली, तर तिथल्या गुरुजनांनी ‘मुलगी फार बुजरी आहे, पैसे वाया घालवू नका’ असं आईला कळवून टाकलं. त्याच शाळेत तेव्हा पुढे मोठी अभिनेत्री झालेली बेटी डेव्हिस शिकत होती आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे होतं.

पुढे हॅटी कार्नेगीच्या कपड्यांच्या दुकानात मॉडेल, सिगारेटच्या जाहिराती, आणि १९३३ साली ‘रोमन स्कँडल्स’मध्ये मागच्या रांगेतली नाचणारी मुलगी म्हणून हॉलिवूड. मग आरकेओ स्टुडिओचा करार. ‘स्टेज डोअर’ (१९३७), ‘डान्स, गर्ल, डान्स’ (१९४०) आणि हेन्री फोंडाबरोबरचा ‘द बिग स्ट्रीट’ (१९४२) हे त्या काळातले बघण्यासारखे चित्रपट. बाकी बरेच कमी खर्चाचे, दुय्यम खेळाला लावायचे. त्यावरून तिला ‘बी चित्रपटांची राणी’ म्हणत. १९४० मध्येच तिला क्यूबाहून आलेला गायक-वादक देसी आर्नाझ भेटला, आणि वर्ष संपायच्या आत लग्नही झालं.

तिला खरं वळण दिलं ते रेडिओने. १९४८ पासून सीबीएस या वाहिनीच्या रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही श्रुतिकामालिका समोर प्रेक्षक बसवून सादर व्हायची. निर्माता-लेखक जेस ओपनहायमरच्या लक्षात आलं, की कागदाकडे बघून वाचताना ही फिकी पडते. त्याने तिला विनोदवीर जॅक बेनीचा रेडिओ कार्यक्रम प्रत्यक्ष बघायला पाठवलं. मायक्रोफोनसमोर उभं राहूनही नट मंडळी चेहऱ्याने, हाताने कसा अभिनय करतात हे तिने तिथे पाहिलं, आणि मग ती सुटली ती सुटलीच. ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल ज्युनियर हे तीन लेखक इथलेच. टीव्हीवर जाताना ती त्यांना घेऊनच गेली.

यूट्यूबवर त्या काळातले इतर कार्यक्रम बघितले तर सगळं धुरकट, पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. हीच मालिका इतकी स्वच्छ कशी? (सातारा)

कारण बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे आणि त्यांची नोंद म्हणजे किनेस्कोप. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि पडद्यावरचं चित्र टिपायचं, झालं किनेस्कोप. मुळातलं चित्रच मोजक्या रेषांचं, पडद्याच्या काचेला गोलाई, त्यावर पुन्हा फिल्मचे दाणे. काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा जवळजवळ नाहीशाच होतात.

१९५१ साली बहुसंख्य टीव्ही संच पूर्वेकडे होते. म्हणून सीबीएस आणि प्रायोजक सिगारेट कंपनी फिलिप मॉरिस यांचं म्हणणं, की कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट करा. किनेस्कोप पश्चिमेला पाठवू. ल्युसिल आणि देसी कॅलिफोर्निया सोडायला तयार नव्हते. देसीने तोड काढली: हॉलिवूडमध्येच ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करू, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांना सारखंच चित्र दिसेल. फिल्मचा वाढीव खर्च कोण सोसणार यावर घासाघीस झाली. नवरा-बायकोने आठवड्याच्या मानधनातले १००० डॉलर सोडले आणि बदल्यात भागांची मालकी आपल्या देसिलू या कंपनीकडे ठेवली. जुना भाग पुन्हा कोण बघणार, असं समजून वाहिनीने ती देऊनही टाकली! टीव्हीच्या इतिहासात याहून आतबट्ट्याचा व्यवहार कोणी केला असेल असं वाटत नाही. पुढे हेच भाग सीबीएसला दामदुप्पट मोजून परत विकत घ्यावे लागले. आणि १९५७ साली देसिलूने आरकेओचे स्टुडिओ ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतले. याच आरकेओत ल्युसिल एकेकाळी आठवड्याच्या पगारावर होती.

तीन कॅमेऱ्यांची पद्धत म्हणजे नक्की काय? प्रेक्षकांना मध्ये कॅमेरे आडवे येत नसत का? (नागपूर)

एकाच वेळी अनेक फिल्म कॅमेरे लावायची कल्पना ल्युसिलच्या चमूची नव्हे. आधीही ती वापरली गेली होती. ती विनोदी नाटुकलं, मोठा नेपथ्यसंच आणि समोर प्रेक्षक अशा तिहेरी कसोटीवर उतरवली ती मात्र यांनी. त्यासाठी कार्ल फ्रॉइंडला बोलावलं. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’चं छायाचित्रण करणारा आणि ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस.

जनरल सर्व्हिस स्टुडिओच्या मंचावर बैठकीची खोली, स्वयंपाकघर, नाइटक्लब असे संच शेजारी शेजारी उभे केले. समोर चढत्या पायऱ्यांची सुमारे ३०० खुर्च्यांची गॅलरी. प्रेक्षक उंचावर, नट जमिनीवर आणि कॅमेरे मधल्या पट्ट्यात, त्यामुळे प्रेक्षक कॅमेऱ्यांच्या डोक्यावरून बघत. मधला कॅमेरा रुंद भिंगाचा. त्यात पूर्ण दृश्य कायम असे. डाव्या-उजव्या कॅमेऱ्यांना ३ ते ४ इंच नाभीय अंतराची भिंगं, म्हणजे जवळची दृश्यं. तिन्ही कॅमेरे चाकांच्या गाड्यांवर. गाडी कुठे थांबवायची त्याच्या खुणा जमिनीवर केलेल्या असत, प्रत्येक कॅमेऱ्याच्या खुणांचा रंग वेगळा. सूचना कानातल्या हेडफोनवरून.

खरी कटकट प्रकाशाची. चित्रपटात एक कोन झाला की दिवे हलवून दुसरा कोन घेतात. इथे तिन्ही कोन एकाच क्षणी घ्यायचे, मग दिवे हलवणार कधी? आणि जमिनीवर दिवा ठेवला तर कॅमेऱ्याची गाडी त्यावर आपटणार. फ्रॉइंडने जवळजवळ सगळे दिवे वर टांगले आणि सगळीकडे सारखा, सपाट प्रकाश पसरला. डोळ्यांखालच्या सावल्या घालवायला कॅमेऱ्याच्या गाडीवरच छोटे दिवे बसवले. नेपथ्य करड्या छटांत रंगवलेलं असे, कारण सपाट प्रकाशात वस्तू वेगळ्या उठून दिसायच्या तर रंगातच फरक हवा. आजच्या विनोदी मालिकांमधला तो ‘सगळं लख्ख’ उजेड इथून आला आहे, आणि खरं सांगायचं तर अजूनही तो कंटाळवाणाच दिसतो.

आता फिल्मचा हिशेब. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे हजार फुटांची पेटी अकरा मिनिटांत संपते. भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, म्हणजे मधे फिल्म बदलणं आलंच. ते काम अंक बदलताना किंवा कपडे बदलताना उरकत. एका भागाला तिन्ही कॅमेरे मिळून साडेसात हजार फुटांच्या आसपास फिल्म लागे. म्हणजे प्रत्येकी अडीच हजार फूट, सुमारे अठ्ठावीस मिनिटं. भागाच्या लांबीहून थोडीच जास्त! पुन्हा पुन्हा टेक घेत नसत याचा हा रोकडा पुरावा. संकलक डॅन काननेही तीन चित्रपट्ट्या आणि एक ध्वनिपट्टी एकत्र चालवणारं यंत्र बनवून घेतलं. त्याला सगळे ‘तीन डोक्यांचा राक्षस’ म्हणत.

आमच्या हौशी संस्थेला एकांकिका प्रेक्षकांसमोरच तीन कॅमेऱ्यांनी टिपायची आहे. मागच्या खेपेला जोडताना आवाज आणि ओठ जुळेनात. ल्युसीच्या पद्धतीतलं काय उचलता येईल? (इचलकरंजी)

बरंच. आधी आवाज न जुळण्याचं. मोबाइलवर चित्रण केलं असेल तर बहुधा तोच गुन्हेगार. मोबाइल उजेडाप्रमाणे सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या कमी-जास्त करतो आणि वीस मिनिटांनी फरक डोळ्यांना दिसायला लागतो. ठरावीक गती बांधून देणारं कॅमेरा अॅप वापरा. तिन्हीकडे सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची फडफड त्यात बरीचशी टळते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि एक्स्पोजर (आत येणारा उजेड) तिन्ही कॅमेऱ्यांवर हाताने ठरवून कुलूपबंद करा. ‘ऑटो’वर ठेवलंत तर काळा सदरा घातलेला नट पुढे आला की मागची भिंत उजळेल.

सगळे कॅमेरे सुरू झाले की रंगमंचाच्या मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी, तिन्ही चौकटींत दिसेल अशी. जोडताना तिन्ही चित्रं आणि आवाज याच टाळीवर जुळवायचे. काही जुने कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप बंद पडतात. एकांकिका त्याहून मोठी असेल तर अंधाराच्या वेळी बंद करून पुन्हा सुरू करा, पण प्रत्येक वेळी टाळी हवीच. ती विसरलात तर संकलनाला बसणारा तुम्हाला रात्रभर शिव्या देईल. सेकंदाला शंभर मेगाबिट (एमबीपीएस) या दराने चित्रण केलं तर प्रत्येक कॅमेऱ्याला तासाला ४५ जीबी लागतात, त्या बेताने कार्ड घ्या.

जागेचा प्रश्न तुमच्याकडे ल्युसीच्या उलट आहे: रंगमंच उंच, प्रेक्षक खाली. मधला कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मागच्या भागात, डोक्यांच्या वर जाईल एवढ्या उंचीवर. तो खेळभर हलवायचा नाही, कारण बाजूचे दोन्ही चुकले तर याच्यावरच निभवायचं आहे. बाजूचे दोन कॅमेरे कडेच्या वाटांमध्ये, पहिल्या रांगेच्या थोडं मागे. डाव्या कॅमेऱ्याने उजवीकडचा नट घ्यायचा आणि उजव्याने डावीकडचा. म्हणजे चेहरा समोरून मिळतो. उलट केलंत तर नुसते कान दिसतील.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. वेगळा रेकॉर्डर, रंगमंचाच्या कडेला दोन माइक आणि प्रेक्षकांसाठी दोन, ते वेगळ्या ट्रॅकवर. हशाचा आवाज संवादात मिसळून आला तर नंतर काही करता येत नाही. आणि पंखे बंद ठेवता येतात का ते व्यवस्थापकांना आधी विचारा.

मालिकेतला हशा खरा होता की नंतर चिकटवलेला? (ठाणे)

खरा. प्रेक्षकांवर टांगलेल्या माइकमधून घेतलेला. ल्युसिलची आई डीडी जवळपास प्रत्येक चित्रीकरणाला गॅलरीत हजर असे. लेकीने काही भलतंच करायचं ठरवलं की तिचा ‘अं-ओह्’ निघतो, तो अनेक भागांत स्पष्ट ऐकू येतो. कान देऊन ऐका.

मी अभिनयाचा विद्यार्थी आहे. शारीरिक विनोद शिकण्यासाठी तिचे कोणते प्रसंग बघावेत, आणि त्यात काय बघावं? (नाशिक)

पहिला चॉकलेटच्या कारखान्यातला, भाग ‘जॉब स्विचिंग’ (१५ सप्टेंबर १९५२). ल्युसी आणि तिची मैत्रीण एथेल (व्हिव्हियन व्हान्स) सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटं कागदात गुंडाळायला बसल्या आहेत. एक जरी चॉकलेट न गुंडाळलेलं पुढच्या खोलीत गेलं तर नोकरी गेली, असा दम भरून पर्यवेक्षिका जाते. त्या एका नियमावर सगळा डोलारा आहे. पट्टा आधी सावकाश चालतो; दोघींना जमतं, त्या खूशही होतात. हा टप्पा गाळून बघा, पुढचं काहीच हसवणार नाही. मग वेग वाढतो. आधी हात भरतात, मग तोंड, मग टोपी, मग झग्याचा गळा. दर वेळी लपवण्याची जागा बदलते, तीच युक्ती दोनदा येत नाही. पर्यवेक्षिका परत येते, पट्टा रिकामा बघून प्रसन्न होते आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते. ल्युसीचे डोळे बघा: ती प्रेक्षकांना हसवायला बघत नाहीये, ती नोकरी वाचवतेय.

दुसरा ‘ल्युसी डझ अ टीव्ही कमर्शियल’ (५ मे १९५२). टॉनिकच्या जाहिरातीची तालीम करताना चमच्याचमच्याने तिला दारू चढत जाते, कारण टॉनिकमध्ये भरपूर अल्कोहोल आहे. एकच जाहिरातीचा मजकूर ती परत परत म्हणते. आधी नुसतं तोंड वाकडं होतं, मग चव आवडायला लागते, मग एखाद-दुसरा शब्द घसरतो, शेवटी वाक्यच पालथं होतं. नवशिका नट पहिल्याच चमच्याला झिंगतो, मग त्याच्याकडे पुढे वाढवायला काही उरत नाही. कागदावर टप्पे लिहून काढा, प्रत्येक टप्प्याला एकच नवीन बिघाड.

वस्तूंबरोबरची तिची तालीम हा वेगळाच विषय. ती एमजीएम या चित्रपट स्टुडिओत असताना मूकपटांचा बादशहा बस्टर कीटन तिथेच काम करत होता. हातातल्या वस्तूला सहकलाकार समजायचं, ती स्वतः हाताळून, तपासून घ्यायची, ही शिस्त तिने त्याच्याकडून घेतली. पुढे तिच्या सेटवर एखादं उपकरण वेळेवर चाललं नाही तर सगळ्यांची धडगत नसे. अपवाद टँगो नाचाचा (मार्च १९५७): ब्लाउजमध्ये अंडी लपवून नाचायचं होतं, आणि तालमीत तिने खरी अंडी वापरलीच नाहीत. ती फुटली तेव्हाची तिची शिरशिरी अस्सल आहे. त्यावरचा हशा ६५ सेकंद चालला म्हणतात; संकलनात तो कापावा लागला.

त्या काळात गरोदर नायिका टीव्हीवर दाखवणं चालत होतं? (सोलापूर)

चालत नव्हतं. १९५२ साली ल्युसिलला पुन्हा दिवस गेले तेव्हा वाहिनी आणि प्रायोजक दोघेही म्हणाले, खुर्चीमागे, टेबलामागे लपवा. देसीने थेट प्रायोजक कंपनीच्या प्रमुखाकडे दाद मागितली आणि परवानगी मिळवली. अट अशी की ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायचा नाही. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि एक रब्बी यांच्याकडून तपासून घेतल्या. तिघांनाही काही गैर दिसलं नाही. बाळंतपणाचा भाग नोव्हेंबरातच चित्रित करून ठेवला आणि तो १९ जानेवारी १९५३ला दाखवला. त्याच सोमवारी, ठरल्याप्रमाणे, शस्त्रक्रियेने तिचा मुलगा जन्मला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या शपथविधीला याहून बरेच कमी प्रेक्षक होते.

ती विश्रांती घेत होती तेव्हा वाहिनीने काही जुने भाग पुन्हा लावले, आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. पुनःप्रक्षेपणात पैसा आहे हे तिथे कळलं. धुरकट किनेस्कोप असते तर हे असं जमलं नसतं.

‘स्टार ट्रेक’ तिनेच काढली, हे खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

काढली जीन रॉडनबेरीने. तिच्या कंपनीने ती उभी केली. १९६०ला घटस्फोट झाल्यावर १९६२ मध्ये तिने देसीचा वाटा विकत घेतला आणि एवढ्या मोठ्या टीव्ही स्टुडिओची प्रमुख झालेली ती पहिली स्त्री ठरली. ‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना भाग एनबीसी वाहिनीने नाकारला, दुसरा करून दाखवा म्हणाले. खर्चाच्या भीतीने संचालक मंडळ कचरत होतं, पण तिने होकार दिला. ‘मिशन : इम्पॉसिबल’ही त्याच वर्षीची, १९६६. पुढच्याच वर्षी तिने देसिलू १ कोटी ७० लाख डॉलरना गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला विकली आणि ती त्यांच्या पॅरामाउंट स्टुडिओत विरघळली.

तिचे ते प्रसिद्ध लाल केस खरे होते? (मिरज)

नाही. मूळचे तपकिरी. काही काळ सोनेरी केले होते, आणि १९४० च्या दशकात एमजीएमच्या रंगीत चित्रपटासाठी लाल झाले ते कायमचे. त्या रंगात मेंदीही असे. गंमत म्हणजे ज्या मालिकेने ते जगप्रसिद्ध केले ती कृष्णधवल होती.

तिची शेवटची मालिका का पडली? (बेळगाव)

‘लाइफ विथ ल्युसी’, एबीसी वाहिनी, १९८६. ती ७५ वर्षांची, जोडीला असलेला गेल गॉर्डन ८०चा. लेखक जुनेच, धडपडीचे विनोदही जुनेच. तेरा भाग तयार झाले, आठ दाखवून मालिका बंद केली. चाळिशीतली बाई शिडीवरून घसरते तेव्हा लोक हसतात. पंचाहत्तरीची घसरली की ‘लागलं तर नाही ना’ असं मनात येतं, आणि विनोद तिथेच मरतो. आदल्याच वर्षी ‘स्टोन पिलो’ या दूरचित्रपटात तिने फुटपाथवर राहणारी म्हातारी केली होती. त्या वाटेने ती पुढे गेली असती तर बरं झालं असतं. २६ एप्रिल १९८९ रोजी, हृदयाजवळच्या महाधमनीवर शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाल्यावर, ती गेली.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलांना घेऊन जेम्सटाउनला जावं का? एका दिवसात होईल? (एडिसन)

जा, पण एका दिवसात जाऊन-येऊन नको. गाडीने एकेरी सहा-सात तास लागतात. विमानाने बफेलोला उतरलात तर तिथून दीड तास. गावात ल्युसिल बॉल देसी आर्नाझ संग्रहालय आहे. त्यात मालिकेतल्या खोल्यांच्या प्रतिकृती आहेत. जवळच २०१८ मध्ये उघडलेलं नॅशनल कॉमेडी सेंटर. मुलं लहान असतील तर आधी तिथे न्या, हाताळायला बरंच काही आहे. लेक व्ह्यू दफनभूमीत तिच्या अस्थी आहेत. आधी त्या लॉस एंजेलिसला होत्या, नंतर घरच्यांनी इकडे आणल्या.

सेलोरॉनच्या तळ्याकाठच्या बागेत तिचे दोन पुतळे आहेत. २००९ मध्ये बसवलेला पहिला इतका भीतीदायक निघाला की लोकांनी त्याला ‘भयानक ल्युसी’ म्हणायला सुरुवात केली. २०१६ मध्ये दुसरा, चांगला पुतळा आला. गावाने पहिला फेकला नाही, तोही तिथेच उभा आहे. मुलं फोटो त्याच्याच शेजारी काढतील.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, तिच्या वाढदिवसाच्या सुमाराला, विनोद महोत्सव भरतो. तेव्हा जायचं तर राहण्याची सोय बरीच आधी करा. डिसेंबर ते मार्च टाळा. ईरी सरोवरावरून येणारा बर्फ त्या पट्ट्यात एका रात्रीत रस्ता बंद करतो.